वाचकांचे प्रश्न : दवाखान्याचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे

गेल्या अंकात आरोग्यसेवा संशोधनाविषयी प्रश्न मागवले होते. एखादे औषध गुणकारी आहे का, हे वैद्यकशास्त्र ठरवते. ते औषध रुग्णाच्या हाती कोणाच्या पैशाने, कोणामार्फत आणि किती उशिरा पडले, आणि पडलेच नसेल तर नेमके कुठे अडले, याचा शोध ही विद्याशाखा घेते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होते आणि आमचे केशरी रेशनकार्ड होते, त्यामुळे त्या उपचाराचे पैसे भरावे लागले नाहीत. तरीही आधीच्या तपासण्या, जाण्यायेण्याचे भाडे आणि तेव्हापासून दर महिन्याची औषधे असा हिशेब मांडला, तर आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. वर्तमानपत्रात मात्र वाचले, की लोकांचा खिशातून होणारा खर्च ३९ टक्क्यांवर आला आहे. मग आमचा खर्च कोणत्या आकड्यात बसतो?
– एक वाचक, जालना

उत्तर : ताई, आपण वाचलेला आकडा ‘राष्ट्रीय आरोग्य लेखा’ या केंद्र सरकारच्या वार्षिक हिशेबातला आहे. केंद्र, राज्ये, महापालिका, विमा कंपन्या आणि कुटुंबे हे सगळे मिळून देशात एका वर्षात आरोग्यावर जो खर्च करतात, त्यात कुटुंबांनी थेट खिशातून दिलेला वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. त्याच काळात सरकारचा वाटा २९ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. ही घट खरी आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु ती कशाची घट आहे, हे नीट पाहायला हवे.

टक्केवारी हा वाटा असतो. सरकारने जास्त खर्च केला, की कुटुंबाने एक रुपयाही कमी दिला नसताना त्याचा वाटा घटतो, आणि २०२१-२२ च्या सरकारी खर्चात कोविडकाळातील मोठी भर होती. याच अहवालांनुसार आरोग्यावरचा दरडोई एकूण खर्च २०१४-१५ मध्ये ३,८२६ रुपये होता आणि २०२१-२२ मध्ये ६,६०२ रुपये झाला. आता त्या-त्या वर्षाच्या टक्केवारीने गुणून पाहा. खिशातून गेलेली दरडोई रक्कम तेव्हा सुमारे २,४०० रुपये येते आणि नंतर सुमारे २,६०० रुपये येते. महागाई वजा केली तर खिशावरचा भार कमी झाला, हे म्हणणे टिकते; पण ‘६२ वरून ३९’ हे ऐकून जो दिलासा डोळ्यांपुढे येतो, तेवढा तो नक्कीच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सरकारचा खर्च अर्थसंकल्पाच्या कागदांत सापडतो, पण कुटुंबाचा खर्च कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो. तो घरी जाऊन विचारावा लागतो. हे काम राष्ट्रीय नमुना पाहणी करते आणि राष्ट्रीय आरोग्य लेख्यातला कुटुंबांचा आकडा मुख्यतः तिच्यावरच उभा असतो. २०१४ च्या जानेवारी ते जून या काळात झालेल्या ७१ व्या फेरीत, ‘गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होते का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आलेल्यांचे प्रमाण ग्रामीण भागात ८.९ टक्के आणि शहरी भागात ११.८ टक्के होते. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातल्या ७५ व्या फेरीत तेच प्रमाण अनुक्रमे ६.८ आणि ९.१ टक्के भरले. आजारपणच कमी नोंदले गेले, की त्यावरचा खर्चही आपोआप कमी नोंदला जातो. एका फेरीत निम्मे वर्ष होते, दुसरीत पावसाळ्यासह पूर्ण वर्ष होते. चार वर्षांत लोक एवढे निरोगी झाले, की प्रश्न विचारण्याच्या काळात आणि पद्धतीत फरक पडला, हा वाद अभ्यासकांमध्ये अजून मिटलेला नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, आणि त्याचे कारण मी स्वतः पाहिले आहे.

अशा पाहण्यांसाठी मी अनेक वर्षे घरोघर फिरले आहे. मराठवाड्यातल्या एका वस्तीवर चुलीपुढे बसलेल्या बाईंना मी विचारले, ‘‘मुलाच्या तापाला किती खर्च आला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाचशे.’’ पाचशे ही डॉक्टरांची फी होती. मग मी एकेक बाब वेगळी विचारू लागले. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढून पुढे ओतली. त्यात मेडिकलची दोन बिले होती, रक्ततपासणीची पावती होती आणि दोन सलाईन लावल्याची चिठ्ठी होती. काळीपिवळीचे भाडे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, आणि सोबत गेलेल्या दिराची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती निराळी. पाचशेचे एकवीसशे झाले. बाईंनी काही लपवले नव्हते. ‘दवाखान्याचा खर्च’ म्हणजे दवाखान्यात मोजून दिलेले पैसे, असा अर्थ त्यांनी घेतला आणि तो रास्तच होता. म्हणूनच पाहणीची प्रश्नावली किती बारीक आहे आणि विचारणाऱ्याला एका घरी किती वेळ बसू दिले आहे, यावर देशाचा आकडा हलतो.

आता आपल्या घराबद्दल. जन आरोग्य योजना बांधली आहे ती दाखल रुग्णाच्या उपचाराभोवती. ठरवून दिलेल्या पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, त्या काळातली औषधे व तपासण्या, जेवण, एका वेळचे परतीचे भाडे आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा येतो. दाखल होण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्या आणि अकराव्या दिवसापासून आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या त्यात येत नाहीत. दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या खर्चात सर्वांत मोठा भाग औषधांचाच असतो, हे या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणजे आपल्या चाळीस हजारांतला बहुतेक भाग ३९.४ टक्क्यांमध्ये धरला जायला हवा, आणि कोणतीही शस्त्रक्रिया-केंद्री योजना वाढवून तो कमी होणार नाही. त्यासाठी औषधे गावाजवळ मोफत मिळावी लागतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत, तेव्हा यजमानांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात एकदा अवश्य जा. आणि दाखल असतानाच्या काळात आपल्याकडून काही पैसे घेतले गेले असतील, तर ती बाब वेगळी आहे; ती थेट तक्रारीची आहे आणि त्यासाठी योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. गरोदर मातांची नोंद, बाळांची वजने, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सगळ्यांची रजिस्टरे आम्हीच भरतो. वरून पाहणीवाले येतात, तेच प्रश्न पुन्हा विचारून जातात. आम्ही लिहितो त्याचा पुढे कोणाला उपयोग होतो का?
– एक आशा सेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला गडचिरोलीची आठवण झाली, कारण आपण आज नवजात बाळाच्या घरी ज्या भेटी देता, त्या भेटी एका रजिस्टरातूनच जन्माला आल्या आहेत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावोगावच्या जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा बालमृत्यूंपैकी फार मोठा भाग पहिल्या महिन्यातला आहे हे दिसले. दवाखाना लांब होता, आणि बाळंतिणीला व बाळाला महिनाभर घराबाहेर न काढण्याची रीत होती. मग गावातल्याच बाईला शिकवून ती बाळाकडे गेली तर किती मृत्यू टळतात, हे मोजायचे ठरले. ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि ४७ गावांत नेहमीच्याच सेवा चालू राहिल्या. नोंदी मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे ठेवल्या गेल्या. सेवा दिलेल्या गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांमधला बदल लक्षात घेऊनही ही घट ६२ टक्के भरली. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा सेविकांमार्फत देशभर नवजात बालकांची घरगुती काळजी सुरू केली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, आणि बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिलाही, हे आपल्याला पाठ असलेले वेळापत्रक त्यातूनच आले.

त्याच संस्थेतले एक साधन मला फार आवडते. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त असले तर तो धोका समजतात. गावातल्या सुईणींना दहा-बारापर्यंत मोजता येई, साठपर्यंत येत नसे. म्हणून एका पट्टीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातून अचूक निदान व्हावे, एवढ्यासाठी कोणीतरी तिच्या मोजण्याच्या पद्धतीचा आधी अभ्यास केला होता. सेवेची रचना कशी असावी यावरचे संशोधन म्हणजे काय, हे कोणी विचारले तर मी हा मणीच दाखवते.

आता आपल्या तक्रारीकडे येते, कारण ती खरी आहे. आपली नोंद उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे, म्हणजे एएनएमकडे जाते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला आणि मग संगणकावर. ती खाली परत येत नाही. गडचिरोलीत नोंद करणारीला तिच्या नोंदीतून काय निघाले हे कळत होते; आज तसे सहसा होत नाही, आणि हा दोष आपला नसून व्यवस्थेचा आहे. वरून पुन्हा पाहणी होते, त्यालाही कारण आहे : ज्याचे काम मोजायचे, त्याच्याच नोंदीवर सगळा निकाल सोडता येत नाही, म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या स्वतंत्र पाहण्या लागतात. परंतु दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून आपल्याला दाखवायला कोणाची हरकत असू नये. पुढच्या मासिक सभेत गटप्रवर्तकांकडे एवढेच मागा, की आमच्या उपकेंद्राचा गेल्या वर्षीचा एकत्रित तक्ता आम्हाला वाचून दाखवा. सर्व भेटी पूर्ण केल्यावर एका बाळामागे २५० रुपये हा मोबदला या कामाला कमी आहे, हेही मी येथे स्पष्ट लिहिते.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे खासगी व्यवसाय करतो आहे. खासगी डॉक्टर लुटतात आणि सरकारी डॉक्टर जागेवर नसतात, ही दोन वाक्ये ऐकून कंटाळा आला आहे. याबाबत पुराव्यानिशी काही बोलता येते का?
– एक डॉक्टर, सांगली जिल्हा

उत्तर : डॉक्टरसाहेब, येते, आणि तो पुरावा दोन्ही वाक्यांना पुरता जुळत नाही.

मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांना काटेकोर प्रशिक्षण देऊन रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवले. एकाने छातीत दुखते म्हणून सांगायचे, एकाने धाप लागते म्हणून, एकाने घरी मुलाला जुलाब होत आहेत म्हणून औषध मागायचे. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी काय विचारले, काय तपासले, काय दिले हे सारे लिहून काढायचे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत सरासरी भेट ३.६ मिनिटांची निघाली आणि योग्य उपचार सुमारे ३० टक्के भेटींतच मिळाले. ज्यांच्याकडे हे रुग्ण गेले, त्यांतील दोन-तृतीयांशांकडे वैद्यकाची कोणतीही पदवी नव्हती.

२०१६ च्या पुढच्या अभ्यासात त्यांनी अधिक नेमका प्रश्न विचारला. सरकारी नोकरी आणि खासगी दवाखाना दोन्ही चालवणाऱ्या एकाच डॉक्टरकडे त्यांनी तोच आजार घेऊन दोन्ही ठिकाणी माणसे पाठवली. ज्ञान तेच, पदवी तीच, माणूस तोच. तरीही खासगी दवाखान्यात तपासणी अधिक काळजीपूर्वक झाली आणि योग्य उपचारही अधिक वेळा मिळाले. सरकारी पगार जास्त असलेल्या ठिकाणी सेवा अधिक चांगली होती, असेही दिसले नाही. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू आपल्या व्यवसायाला लागू पडते : खासगीत फी जशी वाढत गेली, तशी योग्य उपचारांबरोबर अनावश्यक औषधेही वाढत गेली. रुग्ण चांगल्या तपासणीचे पैसे मोजतो आणि न लागणाऱ्या इंजेक्शनचेही मोजतो, कारण दोहोंतला फरक त्याला दिसत नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये मांडले होते, की वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे पुरेसे कळत नसते. मध्य प्रदेशातल्या त्या दवाखान्यांत हेच प्रत्यक्ष दिसते.

अनावश्यक उपचार सगळेच लोभापोटी होतात असे मात्र नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जॉन वेनबर्ग यांनी गावागावांची नोंद तपासली, तेव्हा टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण कुठे दर दहा हजारांमागे १३ होते, तर कुठे १५१. लोक तसेच, आजार तेच. फरक होता तो स्थानिक डॉक्टरांच्या सवयीचा. १९७३ च्या त्या निबंधापासून ‘शेजारच्या गावात वेगळे का होते’ हा प्रश्न या शाखेचे हत्यार बनला. तो आपल्याकडे लावून पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि खासगीत ४७.४ टक्के. अवघड बाळंतपणे खासगीकडे पाठवली जातात, हे यातले काही अंशी खरे कारण आहे. पण प्रत्येक दोन बाळंतपणांत जवळजवळ एक अवघड असते, हे कोणताही अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ मान्य करणार नाही. आपल्या तालुक्यातल्या आपण चार-पाच डॉक्टरांनी स्वतःचेच आकडे, नावे झाकून, एकमेकांसमोर ठेवले, तर बाहेरच्या कोणत्याही टीकेपेक्षा त्यातून जास्त निष्पन्न होईल असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पैसा मर्यादित असेल, तर सरकारने विमा योजना वाढवाव्यात की दवाखाने? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले आहेत.
– अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही तटांना आपापले पुरावे सापडतील, म्हणून आधी पुरावा कशाचा आहे ते बघा.

विम्याच्या परिणामाचा सर्वांत स्वच्छ अभ्यास अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात योगायोगाने झाला. २००८ मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात थोड्या जागा निघाल्या, सुमारे ९० हजार लोकांनी नावे दिली, आणि राज्याने चक्क सोडत काढली. चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले, यांत नशिबाखेरीज काही फरक नव्हता. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा विमा मिळालेल्यांवरचे जबर वैद्यकीय खर्चाचे ओझे जवळजवळ नाहीसे झाले होते आणि नैराश्यही घटले होते. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील साखर यांत लक्षणीय फरक दिसला नाही. विमा कर्जापासून वाचवतो, हे त्यातून ठाम कळले. प्रकृती किती सुधारते, ते त्या विम्याच्या पलीकडे काय उभे आहे यावर अवलंबून राहते.

आता आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. उत्तर कर्नाटकात २०१० पासून वाजपेयी आरोग्यश्री ही योजना दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी सुरू झाली. ती आधी काही विभागांत आली आणि लगतच्या विभागांत आली नाही, म्हणून हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या पाचशेहून अधिक गावांची तुलना करता आली. २०१४ च्या अहवालानुसार योजना असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत, योजनेत समाविष्ट असलेल्या आजारांनी होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी होते. हा परिणाम फार मोठा आहे. परंतु त्या योजनेत रुग्णालयांनी गावांत येऊन तपासणी शिबिरे घेतली होती आणि तेथून रुग्ण नेले होते. नुसते कार्ड हाती देऊन कोणी थांबले नव्हते.

थायलंडचा दाखला विम्याच्या बाजूने नेहमी देतात. २००१-०२ मध्ये त्यांनी तीस बाहतमध्ये (बाहत हे तिथले चलन) उपचार ही योजना आणली आणि सर्वांना छत्र मिळाले, हे खरे. पण त्याआधी तीन दशके ते जिल्हा रुग्णालये बांधत होते आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची करत होते. कार्ड छापण्याआधी, ते कार्ड घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर त्यांनी तयार ठेवले होते.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून जन आरोग्य योजनेचे कुटुंबामागे पाच लाखांचे छत्र सर्व रहिवाशांना लागू झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत एका वेळच्या दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये आणि खासगीत सुमारे ३१,८५० रुपये आला होता. मला विचाराल, तर हा सातपटीचा फरक वर्गात फळ्यावर लिहा आणि मग विचारा, की पुढचा रुपया कुठे टाकला तर तो जास्त माणसांपर्यंत जाईल. माझे उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यातले औषधभांडार असे आहे.

प्रश्न : आमच्या गावात उपकेंद्राची इमारत आहे, पण आठवड्यातले बरेच दिवस तिला कुलूप असते. तक्रारी करून थकलो. उपाय आहे का?
– ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

उत्तर : राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात नेमका हाच प्रश्न घेऊन एक प्रयोग झाला होता. नर्सने उपकेंद्रात आल्याची वेळ यंत्रावर नोंदवायची आणि गैरहजेरीचे पैसे कापायचे, असे ठरले. पहिले काही महिने हजेरी चांगलीच वाढली. मग वरच्या कार्यालयाने ‘आज सूट’ असे दिवस मंजूर करायला सुरुवात केली, आणि सुमारे सोळा महिन्यांत परिस्थिती होती तिथे परत आली. यंत्र चालू होते; ते पाहून काही करण्याची इच्छा वर उरली नव्हती.

महाराष्ट्रात २००७ पासून वेगळी वाट चोखाळली गेली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या सेवांना हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा, तो तक्ता गावात लावायचा आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा, अशी ती पद्धत होती. पुण्याची ‘साथी’ संस्था त्यात समन्वयाचे काम करत होती.

आपल्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी असेलच. तिची सभा बोलवा आणि दोन महिने एक साधी वही ठेवा : तारीख, वेळ, कुलूप की उघडे, कोण आले होते, काय मिळाले. कुलूप असल्याचा दिवस लसीकरणाचा किंवा फिरतीचा होता का, हेही लिहा. मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येचे काम एका एएनएमवर असते, त्यामुळे ती दुसऱ्या गावात कामावर असू शकते आणि तिच्यावर अन्याय होता कामा नये. फिरतीचे दिवस वगळून उरलेले कुलूपबंद दिवस मोजा. ती संख्या आणि वहीची प्रत ग्रामसभेच्या ठरावासह तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि पद रिक्त आहे का, हे त्यांच्याकडून लेखी मागून घ्या.